थेट गाडीचं कॉलेज

भूमच्या स्टँडवर सकाळी सहाला पुण्याची गाडी लागते. मी घर सोडलं त्या दिवशी अण्णा, म्हणजे माझे वडील, साडेपाचपासून ड्रायव्हरशी बोलत उभे होते. त्यांची ओळख जुनी. आमची खव्याची भट्टी आहे आणि आमच्या खव्याच्या पाट्या याच गाडीनं पुण्याला जातात. अण्णांनी माझी पेटी वर चढवली, गादीची वळकटी चढवली, आणि पाटी सोपवताना म्हणतात तेच ड्रायव्हरला म्हणाले, "नीट न्या. मधी कुठं उतरवू नका."

ड्रायव्हरकाका हसून म्हणाले, "अवो, खवा हाय का पोरगी?"

"दोन्ही नासतेत," अण्णा म्हणाले. "म्हणून सांगालोय."

आई खिडकीखाली उभी होती. तिनं फक्त एवढंच म्हटलं, "थेट गाडी हाय, बरं झालं. गाडी बदलायची म्हणलं की माणूस हरवतं." गाडी परांड्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मी मागं बघत होते. नंतर बघायला काही राहिलं नाही.

आता मी तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच. मला हे नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. पण माझ्या गावी अकरावीत बसलेल्या मुलामुलींसाठी, आणि माझ्यासारखं बाहेर पडून कुठल्या तरी खोलीत रविवारी एकट्यानं बसलेल्यांसाठी, हे लिहून ठेवावंसं वाटतं.

बारावीनंतर मला अन्नतंत्रज्ञान शिकायचं होतं. लहानपणापासून दूध आटताना बघितलं होतं. एकाच कढईतला खवा उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबतो आणि थंडीत चार दिवस टिकतो. असं का होतं, ते मला समजून घ्यायचं होतं. ते शिकवणारं एक चांगलं सरकारी कॉलेज विदर्भात आहे. अर्ज भरताना कॉलेजांची नावं आपल्या पसंतीच्या क्रमानं टाकायची असतात. मी विदर्भातलं नाव पहिलं टाकणार होते. अण्णा शेजारी बसले होते. त्यांनी विचारलं, "तिथं आपल्या भूमहून गाडी जाते का?"

मी म्हटलं, "थेट नाही. दोनदा बदलावी लागते."

ते खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, "थेट गाडी असली की पोरगी दारात असल्यावानी वाटतं. उद्या तू आजारी पडलीस, तर मी कुठल्या स्टँडवर कुणाला विचारत बसू?"

अण्णा चौथी शिकलेत. गाडीवरची पाटी वाचतात, पण हळू. त्यांची वाचून होईपर्यंत गाडी सुटते. हे मला माहीत होतं. म्हणून मी पुण्याचं कॉलेज पहिलं टाकलं. तिथं अन्नतंत्रज्ञान नव्हतं, मग शाखा मिळेल ती. विदर्भाचं नाव दुसरं गेलं. वाटलं, पहिलं आपल्याला कुठलं लागतंय!

ते पहिल्याच फेरीत लागलं. आणि पहिल्या पसंतीचं लागलं की जागा आपोआप पक्की होते. पुढच्या फेऱ्यांना बसता येत नाही. हा नियम आम्हाला माहीत नव्हता. अण्णांनी भट्टीवर येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवला. "पयल्या नंबरचं लागलं," असं ते सांगत होते. नंतर वसतिगृहात खोलीतल्या मुलीनं सहज त्या विदर्भातल्या कॉलेजच्या प्रवेशाची यादी काढून दाखवली. शेवटच्या मुलीला माझ्यापेक्षा कमी गुण होते. मी ते बघितलं आणि तोंड धुवायला गेले.

हे मी घरी कधीच सांगितलं नाही.

त्या थेट गाडीनं अण्णा दोन वर्षांत एकदाही आले नाहीत. भट्टीला सुट्टी नसते. म्हशी रविवार पाळत नाहीत. यायची ती पिशवी. दर रविवारी बाराच्या सुमाराला मी स्वारगेटला जाते, ड्रायव्हरकाका सीटखालून पिशवी काढून देतात. ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगाची चटणी, कधी खवा. इथं माझ्या वर्गातल्या मुली रविवारी ब्रंचला जातात, असाइनमेंट कॅफेत बसून करतात. बोलावतात मलाही, त्या वाईट नाहीत. पण मी गाडीची वाट बघत फलाटावर बसते. पुढच्या काचेवरची 'भूम' ही अक्षरं वळणावर दिसली की मला बरं वाटतं. पिशवी घेऊन खोलीवर आले की आईच्या चुलीचा वास सुटतो, आणि मग जास्तच एकटं वाटतं. दोन्ही खरं आहे.

या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या जुन्या कॉलेजातल्या सरांनी बोलावलं. अकरावीच्या मुलांना पुढचं काही सांग म्हणाले. मी घाबरत उभी राहिले. सांगितलं की जातपडताळणीचे कागद आत्तापासून गोळा करा, त्याला महिनोन्‌महिने जातात. उत्पन्नाचा, रहिवासी दाखला बारावीच्या निकालाची वाट न बघता काढा. वसतिगृहाचा अर्ज वेगळा असतो, तो विसरू नका. आणि पसंतीक्रम लावताना जे मनापासून हवं ते पहिलं.

शिवलीला नावाची मुलगी उठली. तिच्या वडिलांचं, आप्पांचं, बाजारात सरकी पेंडीचं दुकान आहे. ती म्हणाली, "पण ताई, तुमचे अण्णा तर सांगतेत, थेट गाडी जाते ते कॉलेज पयलं टाकायचं. आमचे आप्पा त्यांनाच इचारून आलेत. मला जनावराची डॉक्टर व्हायचंय. नागपूरचं कॉलेज पयलं टाकायचं ठरवलं होतं म्या. आप्पा म्हणतेत, तिथं आपली गाडी न्हाय."

मागून एक मुलगा म्हणाला, "मग गाडीवर ड्रायव्हरच व्हायचं की! कॉलेज तरी कशाला?" सगळा वर्ग हसला. शिवलीला हसली नाही. ती माझ्याकडं बघत राहिली.

मी म्हटलं, "आप्पांचं म्हणणंही एका परीनं बरोबर आहे."

तास संपल्यावर ती फाटकापाशी आली. "ताई, तिथं करमतं का?"

"करमतं की," मी म्हटलं.

दहा मिनिटांत दोन खोटी उत्तरं. पुण्याला परतताना गाडीत तीच दोन वाक्यं डोक्यात फिरत राहिली. शिवलीला अजून अकरावीत आहे. तिच्यापाशी वेळ आहे, माझ्यापाशी नव्हता. पण तिचे आप्पा माझं ऐकणार नव्हते, ते अण्णांचं ऐकत होते. आणि अण्णांचं म्हणणं माझ्या पहिल्या नंबरावर उभं होतं. ते चुकीचं आहे हे सांगायचं, तर अण्णांनी वाटलेला प्रत्येक पेढा परत घेतल्यासारखं होतं.

आठवडाभर टाळलं. मग एका दुपारी कॉलेजच्या जिन्यात बसून घरी फोन लावला. घरात एकच फोन आहे, आईनं उचलला आणि भट्टीवर नेऊन दिला. कढईत उलथणं फिरल्याचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं. नियम, ती यादी, शेवटच्या मुलीचे गुण, शिवलीलाचं नागपूर. बोलत असताना उलथण्याचा आवाज थांबला. दूध ढवळायचं थांबलं की ते खाली लागतं. अण्णा कधी थांबत नाहीत.

"म्हणजे तुला ते मिळत होतं," ते म्हणाले.

"व्हय."

"म्या आडवा आलो."

"तसं नाही, अण्णा. मीच..."

"दूध लागालंय," असं म्हणून त्यांनी फोन आईकडं दिला. "जेवलीस का?" तिनं विचारलं.

पुढचे काही दिवस फोन आला नाही. मी केला, तर आईच बोलायची.

त्या रविवारी मी नेहमीसारखी स्वारगेटला गेले. गाडी आली. ड्रायव्हरकाका खाली उतरले, हात रिकामे. "आज पिशवी न्हाय, माय. अण्णा म्हणले, मीच घेऊन जातो."

मी गाडीत डोकावले. "मग कुठं आहेत?"

"या गाडीत न्हायत. म्या म्हणलं, बसा की. न्हाय म्हणले."

मी आईला फोन केला. ती म्हणाली, "पहाटंच गेलेत बार्शीच्या गाडीनं, सोलापूरवरनं येतो म्हणले. सांगून ऐकंनात. भट्टी मी अन् तुझा चुलता बघालोय." अण्णांकडं फोन नव्हता. मी फलाटावर बसले. बार्शी, मग सोलापूर, मग पुणे. सोलापूरच्या स्टँडवर किती फलाट आहेत, ते मी आठवत होते. आईचं ते 'माणूस हरवतं' हे वाक्य मी दोन वर्षं गंमत म्हणून सांगायचे. त्या तीन तासांत ते गमतीचं राहिलं नाही. सोलापूरची प्रत्येक गाडी आली की मी दारापाशी जाऊन उभी राहायचे.

पावणेतीनला ते उतरले. सगळ्यांत शेवटी. धुतलेली टोपी, काखेत पिशवी. मला बघून आधी हसले नाहीत. खिशातून तीन तिकिटं काढून माझ्यासमोर धरली.

"दोनदा बदलली," ते म्हणाले. "बघावं म्हणलं, माणूस हरवतं का."

"मग?"

"सोलापुरात चुकलो. अक्कलकोटच्या गाडीत बसलो होतो. कंडक्टर म्हणला, आजोबा, पुण्याला उलट्या बाजूनं जाणार का?" आता ते हसले. "उतरलो. इचारलं. सांगतेत लोक."

मी रडत होते, ते त्यांनी बघितलं नाही असं केलं. आम्ही बाकावर बसून पिशवीतल्या भाकरी खाल्ल्या. माझं कॉलेज दाखवायला वेळ नव्हता, गाडी चारला परत निघते आणि सकाळी भट्टी पेटवायची होती. ते आजूबाजूला बघत होते. मी दर रविवारी जिथं बसते तो बाक, समोरचा चहाचा गाडा. मग भाकरीकडं बघत त्यांनी विचारलं, "करमतं का गं तुला इथं?"

"न्हाय, अण्णा."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "मलाबी न्हाय करमत. सांगायचं कुणाला?"

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले. मी म्हटलं, एक तिकीट मला द्या. त्यांनी तिन्ही नीट जुळवून बघितली. "ही दोन शिवलीलाच्या आप्पाला दावायला लागतेत. तुझी गोष्ट सांगणाराय त्यांना, अन् माझं चुकलं म्हणून." सोलापूर-पुण्याचं माझ्या हातात दिलं. ड्रायव्हरकाकांना मी म्हटलं, "नीट न्या. मधी कुठं उतरवू नका." अण्णा काचेआडून बघत राहिले. गाडी गेली आणि फलाटावर मी एकटी राहिले, दर रविवारसारखीच.

चार दिवसांनी शिवलीलाचा मेसेज आला. "ताई, आप्पा इचारालेत, नागपूरला किती ठिकाणी गाडी बदलावी लागते?" आप्पा हो म्हणाले, असं त्यात नव्हतं. पण मी तिला गाड्या लिहून पाठवल्या, पडताळणीच्या कागदांची यादी पुन्हा पाठवली, आणि खाली फाटकापाशी द्यायला हवं होतं ते उत्तर लिहिलं. शिवलीला, करमत नाही. पहिल्या वर्षी तर अजिबात नाही. तरीही तुझं ते पहिलं टाक.

माझी शाखा आता बदलणार नाही. ते तिकीट वहीत ठेवलंय, त्यावरची शाई पुसट होत चाललीय. मी अजूनही रविवारी स्वारगेटला जाते. पण आता भूमची गाडी येऊन गेली तरी लगेच उठत नाही. पावणेतीनची सोलापूरची गाडी लागते, लोक उतरतात. उतरणारा शेवटचा माणूस कोण आहे, तेवढं बघते आणि मग खोलीवर परत येते. माझं घर आता या दोन गाड्यांच्या मधल्या तीन तासांत आहे.