दमाचा काना

आमच्या जिनिंगच्या वजनकाट्याची केबिन म्हणजे काचेची पेटी. एक खुर्ची, एक पंखा आणि पावती बाहेर देण्यापुरती खिडकी. तिच्यात बसून मी अठरा हंगाम काढले. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग आणि आत मी. बायको म्हणते, तुमी मिठाईच्या दुकानात ठेवल्यासारखे दिसता, फक्त कुणी विकत घेत न्हाई.

यंदा दिवाळीनंतर मशीन सुरू व्हायच्या आधी मालकांनी हाक मारली. नवी माणसं भरताना त्यांची तब्येत विचारून कागद करायचा, असा नियम आला होता. हॉलमध्ये कापसाचा बारीक तूस दिवसभर हवेत तरंगतो, छातीचा त्रास असलेल्यानं तिथं उभंच राहू नये. मालक म्हणाले, "तुझं अक्षर चांगलंय, तूच कर." अक्षर चांगलं असण्याचे तोटे मी शाळेपासून भोगतोय.

प्रश्नांचा इंग्रजी नमुना होता. मी जेवणाच्या सुट्टीत घाईघाईत त्याचं मराठी केलं, एका पानात बसेना म्हणून शेवटची ओळ गाळली आणि गेवराईला जाऊन चाळीस झेरॉक्स आणल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी माणसं जमली. त्यात माझी वहिनीही होती. चुलतभाऊ माझ्यापेक्षा सहा महिन्यांनी मोठा म्हणून ती वहिनी, नाहीतर वयानं माझ्याहून बरीच लहान. दरवर्षी दोघं नवराबायको ऊसतोडीला जातात. तिकडं एकट्या माणसाला कोणी मोजत नाही, जोडप्याला मिळून एक कोयता म्हणतात. भावाला इथं हमालीत घेतलं होतं. वहिनीलाही घेतलं तर दोघं गावात राहणार आणि पोरगी दहावीचं वर्ष घरून देणार. नाही घेतलं तर कोयता पूर्ण करायला दोघांनाही जावं लागणार. फाटकाशी येताना तिनं नवं लुगडं नेसलं होतं, जणू मीच मोठा साहेब.

मी एकेकाला प्रश्न वाचून दाखवू लागलो. "दम आहे का?"

पहिला गडी छाती काढून म्हणाला, "हाय की! दोन पोती उचलून दावू का?"

दुसरा म्हणाला, "लई दम हाय, फकस्त च्या लागतो मधी."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कारखान्याला दमाचीच माणसं लागतात. मी 'आहे, आहे' लिहीत गेलो. वहिनीची पाळी आली.

"दम आहे का?"

"दम कुठं राहिलाय आता भाऊजी. गेला सगळा उसाच्या पाचटात."

आजूबाजूचे हसले. मीही हसलो आणि लिहिलं, 'नाही'.

दुपारी तपासणीला डॉक्टरीणबाई आल्या. लिंबाखाली टेबल टाकलं. त्यांनी कागद चाळले आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "काका, तुम्ही काय दवाखाना उघडताय का? सगळ्यांनाच दमा. एकच बाई तेवढी निरोगी."

त्यांनी वहिनीच्या कागदावर 'मशीन हॉलसाठी योग्य' असं लिहून सही केली. "बाकीच्यांना मात्र एकेक तपासावं लागेल."

मी उरलेला एक कोरा कागद घेऊन केबिनमध्ये आलो आणि वाचला. 'दम आहे का?' दमाला काना नव्हता. मीच लिहिलेलं, मीच छापून आणलेलं, मीच अडतीस वेळा मोठ्यानं वाचलेलं.

गड्यांचं काही बिघडलं नव्हतं, त्यांच्या छातीला नळी लागणारच होती. न तपासता सुटली होती ती एकटी वहिनी, आणि तीच खरी दमणारी. देवळाच्या चार पायऱ्या चढताना ती मध्ये बसते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक.

तेवढ्यात ती केबिनच्या काचेला नाक लावून उभी राहिली. "भाऊजी, पास! तोडीच्या मुकादमाला आताच निरोप धाडला, औंदा न्हाई येत म्हणून."

मी मान हलवली. दार आतून लावलेलं नव्हतं, तरी मला बाहेर निघता येईना. बोललो तर तिचं काम जाणार आणि ती परत पाचटात जाणार. गप्प बसलो तर ती सकाळ-संध्याकाळ तूस गिळणार, आणि मी काचेआडून ते रोज बघणार. बायकोला फोन केला. ती म्हणाली, "तुमच्या हाताची चूक हाय. मला का म्हून इचारता?"

एकेक गडी तपासून होत होता. शेवटचे तिघं उरले तेव्हा मी टेबलाशी गेलो.

"बाई, एक काना द्यायचा राहिलाय."

"कशाला?"

"दमाला."

त्या आधी खळखळून हसल्या, मग वहिनीचा कागद शोधायला लागल्या, आणि हसू गेलं. वहिनीला बोलावलं. पाठीला नळी लावली. ती खोकला दाबून धरून उभी, चेहरा लाल झालेला.

"श्वास सोडा बाई. परीक्षा नाहीये ही."

तिनं सोडला, आणि मग पुष्कळ वेळ खोकतच राहिली. डॉक्टरीणबाईंनी आपली सही खोडली. तोवर मालकही टेबलाशी आले होते. म्हणाले, "मग कसं जमायचं?" वहिनीनं माझ्याकडं पाहिलं.

"तुमाला कुणी बोलाय सांगितलंतं, भाऊजी?"

डॉक्टरीणबाई कागद उलटून पाहत होत्या. "काका, शेवटची ओळ कुठंय? 'कोणतं काम देता येईल?' कागद त्यासाठीच असतो. माणूस हाकलायला नाही."

"पानात बसत नव्हती," मी म्हणालो.

"धूळ नसलेली जागा कोणती आहे इथं?"

मालकांनी सगळ्या आवारावर नजर फिरवली. कापसाच्या गंज्या, हॉल, गाठींचं गोदाम. मग ती नजर काचेच्या पेटीवर थांबली, आणि तिथून हळूच माझ्यावर आली. हे मी स्वतः सुचवलं असं मी पाहुण्यांत सांगतो, पण इथं खरं लिहितो. मी खाली बघत होतो.

"वाचता येतं का?" मालकांनी विचारलं.

"धावी पास हाय," वहिनी म्हणाली.

"हा हंगाम बघू. पुढचं पुढं."

आता मी उन्हात गाड्यांमधून फिरतो, कापसात कोपरापर्यंत हात घालून ओल बघतो आणि चिठ्ठी काट्यावर नेतो. माझाही कागद भरला गेला, काना देऊन. वहिनी महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. तुमच्यामुळं काम लागलं की तुमच्यामुळं जाणार होतं, हे तिचं अजून ठरलेलं नाही. माझंही नाही. समोरच्या रस्त्यानं कोयते घेऊन ट्रक जातात, तेव्हा ती खिडकी ओढून घेते. हंगाम संपायला फार दिवस नाहीत, आणि त्यानंतरचं मालक काही बोलत नाहीत.

परवा मागं गाड्यांचा गोंधळ चालला होता. मी धापा टाकत चिठ्ठी घेऊन आलो आणि काचेवर टकटक केली. तिनं आकडा पुरा लिहिला, खाली रेघ मारली आणि मान वर न करता म्हणाली,

"जरा दम खा, भाऊजी."