सासूबाईंची बहरीनची फेरी

सौदीतल्या जुबैलमध्ये ज्यांच्याकडे आईवडील किंवा सासूसासरे व्हिजिटवर येतात, त्या प्रत्येक घराला बहरीनची फेरी ठाऊक असते. व्हिसा वर्षभराचा असला तरी एका दमात नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहता यायचं नाही. ते भरायच्या आत देशाबाहेर पाऊल टाकायचं आणि परत आत यायचं, की पुढचे नव्वद दिवस मोकळे. बाहेर म्हणजे बहरीन, कारण समुद्रावरचा तो लांबलचक पूल ओलांडला की बहरीनच लागतं. लोक हे काम गॅसचा सिलिंडर बदलावा तसं उरकतात. म्हाताऱ्या माणसांना मागच्या सीटवर बसवायचं, पुलाच्या मध्यावर खिडकीतून पासपोर्ट द्यायचे-घ्यायचे, पलीकडं जाऊन गाडी वळवायची आणि जेवायच्या वेळेला घरी. कुणी त्याला सहल म्हणत नाही. आमच्या सासूबाई म्हणायच्या, आणि आता त्याचंच मला वाईट वाटतं.

त्या आमच्याकडं काही हौसेनं आल्या नव्हत्या. मोठ्या दिरांनी गुहागरजवळच्या आमच्या घराची कौलं उतरवून स्लॅब टाकायचं काढलं. त्या धुळीत म्हाताऱ्या आईला कुठं ठेवायचं, म्हणून तीन महिन्यांसाठी तिची रवानगी आमच्याकडं झाली. खरं सांगायचं तर मला ते रुचलं नव्हतं. मुलगा पुण्याला कॉलेजात गेल्यापासून मी एकटं राहायला चांगली सरावले होते. नवरा कंपनीच्या बसनं शिफ्टला जायचा, त्याची वेळ सारखी बदलायची, आणि मी माझ्या मर्जीनं उठायची, मर्जीनं झोपायची. आता सासू येणार म्हणजे पहाटेचा चहा आला, देवपूजा आली आणि रोज उठून ‘आज भाजी कोणती’ हे आलं.

पहिले काही आठवडे झालंही तसंच. सासूबाईंना लिफ्टची भीती, एसीचा गारठा. शाल पांघरून त्या सोफ्याच्या कडेला बसायच्या, डॉक्टरकडं नंबर लावून बसल्यासारख्या. वाळलेले कपडे घडी घालून झाले की विचारायच्या, “आता काय करू गो?” मी त्यांना लसूण सोलायला द्यायची. आम्ही दोन माणसं, आणि फ्रीजमध्ये लग्नघरात पुरेल एवढा सोललेला लसूण साठला.

तीन महिने भरत आले तरी गावचं काम संपेना, म्हणून फेरी करणं आलं. पहिल्या फेरीला गाडी नवऱ्यानं चालवली. पूल सुरू झाला तशा सासूबाई काचेला नाक लावून बसल्या. “दोन्हीकडं पाणी. मग मधे आपण कशावर चाललोय?” नवरा खांबांचं, काँक्रीटचं समजावू लागला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. मध्यावरच्या खिडकीत त्यांच्या बोटांचे ठसे उमटेनात. जन्मभर राखेनं भांडी घासून ती बोटं गुळगुळीत झाली होती. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या, नवरा घामाघूम झाला. शेवटी यंत्रानं कसाबसा एक अंगठा मान्य केला आणि खिडकीतला तो तरुण अधिकारी हसून म्हणाला, “यल्ला, हज्जा.” यल्ला म्हणजे चला, आणि हजला जाऊन आलेल्या बाईला हज्जा म्हणतात, आणि इथं कुठल्याही वयस्कर बाईला मानानं तशीच हाक मारतात, हे नवऱ्यानं सांगितल्यावर सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. “मी अजून काशी नाय बघितली, आणि ह्यानं मला हजला पण धाडलं,” म्हणाल्या. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि माझ्या लग्नाला तेव्हा वीस वर्षं होऊन गेली होती.

नवऱ्याला रात्रपाळी होती. बहरीनच्या हद्दीत शिरल्याशिरल्या त्यानं गाडी वळवली. येताना जुबैलच्या कारखान्यांचे दिवे दिसायला लागले तेव्हा मागून आवाज आला, “दुसऱ्या देशात जाऊन आले म्हणायचं, आणि जमिनीला पाय पण नाय लागला.”

त्या तक्रार करत नव्हत्या, पण ते मला लागलं. मी इतकी वर्षं ह्या देशात राहून माझे पाय तरी कुठं लागले होते? मॉल, दवाखाना आणि पूर्वी मुलाच्या शाळेचं फाटक. बायकांना गाडी चालवायला मिळू लागल्यावर मी मोठ्या उत्साहानं दम्मामला शिकायला गेले, लायसन्स काढलं, घरात पेढे वाटले, आणि त्यानंतर गाडी काढली ती फक्त भाजी आणायला. दुसऱ्या दिवशी नवरा पाळीवरून येऊन झोपला होता. मी सासूबाईंना म्हटलं, “आई, चला, समुद्रावर जाऊन येऊ.”

आता, सासूबाईंचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. लग्न होऊन त्या तिथं आल्या तेव्हापासून रात्रंदिवस तोच आवाज कानांवर. पण घोट्याच्या वर पाण्यात त्या कधी गेल्या नव्हत्या. होड्या पुरुषांच्या, पोहणं मुलग्यांचं. बायकांनी टोपली घेऊन काठावर थांबायचं आणि मासळी निवडून घरी यायचं. मी पडले सांगलीची, मला पाणी म्हटलं की नदीचा पूर आठवतो. अशा आम्ही दोघी जुबैलच्या किनाऱ्यावर चटई टाकून बसलो. समोर पाण्यात एक बाई काळ्या अबायासकट गळ्यापर्यंत बुडून निवांत बसली होती. सासूबाईंनी तिला बराच वेळ न्याहाळलं.

“ती अंगभर कपड्यात बसलीय. तिला कोण काय बोलत नाय.”

“आई, साडी भिजेल. गाडीची सीट खराब होईल.”

“पुसूया की,” असं म्हणून त्या उठल्या आणि सरळ चालत पाण्यात गेल्या. मी हातात टॉवेल घेऊन काठावर ओरडत उभी. तिथं पाणी उथळ असतं, बरंच आत गेलं तरी कमरेला लागत नाही. त्या खाली बसल्या, साडीचा घोळ चहूबाजूंनी फुगला, आणि त्या मागं वळून माझ्याकडं बघून हात हलवायला लागल्या. मला राग आला होता, आणि हसूही येत होतं.

मग ते वेडच लागलं. त्यांनी माझा जुना पंजाबी ड्रेस मागून घेतला. नवऱ्याची दिवसपाळी असली की आम्ही डबा भरून निघायचो. किनाऱ्यावर एक मिसरी, म्हणजे इजिप्तची, बाई यायची, आमच्यासारखीच नवऱ्याला कामावर घालवून आलेली. तिला अरबी आणि सासूबाईंना मराठी, दोघी आपापल्या भाषेत तासन्‌तास बोलायच्या आणि दोघींचं सगळं ठीक चालायचं. तिनं सासूबाईंना पाण्यावर उताणं पडायला शिकवलं. पाठीखाली तळहात धरायची आणि हळूच काढून घ्यायची. पहिल्यांदा तिनं हात काढला आणि सासूबाई बुडाल्या नाहीत, तेव्हा त्या आभाळाकडं डोळे लावून पडल्या होत्या आणि ओठ हलत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेतायत. घरी येताना विचारलं तर म्हणाल्या, “नाय गो, माझंच नाव घेत होते. कोण घेतच नाय ना आता. आई, काकी, वहिनी, आजी. विसरायला झालं होतं.” मी गाडी चालवत राहिले.

त्या हिवाळ्यात मीसुद्धा पाण्यात उतरले, हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

गाडी नवऱ्याच्या नावावर, म्हणून दुसऱ्या फेरीला त्यानं मोबाइलवरून मला गाडी देशाबाहेर न्यायची परवानगी दिली आणि आम्ही दोघीच निघालो. मी पुलावर स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की रात्री मनगटं सुजली. पलीकडं उतरून मी रस्ता चुकले आणि मनामाच्या जुन्या बाजारात घुसले. भर गर्दीत, एका टपरीसमोर उभ्यानं, आम्ही शोरमा खाल्ला. सासूबाईंनी जन्मात कधी रस्त्यात उभं राहून काही खाल्लं नव्हतं. हनुवटीवरून लसणाची चटणी ओघळत होती. “गावातलं कोण दिसलं तर?” म्हणाल्या आणि आजूबाजूला बघितलं. मग स्वतःच उत्तर दिलं, “इथं कोण येतंय मला बघायला.” आणि अजून एक मागवला. तिसऱ्या फेरीला मी रस्ता मुद्दामच चुकले.

आता मागं वळून बघते तेव्हा हे सगळं कसं बिनधोक आनंदात चाललं होतं, ह्यानंच जीव जळतो. गावी घर कधीच बांधून झालं होतं. जाऊबाई सकाळी शाळेत शिकवायला जातात, दिरांचं आंब्याचं काम, घरात कुणीतरी लागतंच. दर रविवारी दिरांचा फोन यायचा. “आईला कधी पाठवताय?” त्यात वाकडं काही नव्हतं, आई त्यांचीही आहे. मी मात्र निर्धास्त होते. वर्ष संपलं की माणसं महिनाभर गावी जाऊन यायची, नवा वर्षाचा व्हिसा लागायचा, पुन्हा नव्वद-नव्वद. आमचंही तसंच ठरलं होतं. आणि वर्ष संपता संपता नियम बदलला. आता एकदाच यायचं, तेही महिनाभरासाठी, आणि परत जायचं. बहरीनची फेरी संपली, खलास.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही समुद्रावर गेलो. सासूबाई पाण्यात नुसत्या बसून होत्या, मी शेजारी. त्या म्हणाल्या, “मला जायचं नाय गो.”

एवढंच. सासू सुनेला असं कधी म्हणते का? त्या माझ्याकडं बघत होत्या आणि मी काय म्हटलं, तर “असं कसं आई, महिन्याभरात परत आणते की तुम्हाला.” लहान मुलाला समजवावं तशा आवाजात. त्यांनी मान हलवली आणि उठून कपडे पिळायला लागल्या. त्यांना थांबवणं माझ्या हातात नव्हतं, हे खरं आहे. पण त्यांच्यासोबत थोडं रडायला मला कुणी अडवलं होतं?

महिन्याभरात काही झालं नाही. दिरांची आंब्याची घाई, मग जाऊबाईंच्या शाळेतल्या परीक्षा, मग आणखी काही. शेवटी ह्या मे महिन्यात मीच गावी गेले. व्हिसाचा अर्ज अर्धा भरून ठेवला होता. त्यांच्या पासपोर्टचा फोटो काढला की काम झालं, महिनाभर का होईना, त्या येतील.

घर छान झालंय. लादी चकचकीत, स्वयंपाकघराला लागून सासूबाईंची खोली, खिडकीला जाळी. दुपारी आळीतल्या बायका मला भेटायला आल्या. गावाला सगळं आखात म्हणजे दुबई. एकीनं सासूबाईंना विचारलं, “काकी, दुबईला वरीसभर होतीस, काय बघितलंस ता कधी बोलली नाय.”

“काय बघायचं?” सासूबाई म्हणाल्या. “वाळू नि भिंती. घरात बसून होते. लसूण सोलला वरीसभर.”

बायका हसल्या. दीर ओसरीवरून म्हणाले, “मी सांगत होतो ना, आईला तिकडं करमणार नाही.” माझ्या फोनमध्ये शंभर फोटो होते. मी फोन हातात घेतलासुद्धा. सासूबाईंनी माझ्याकडं नुसतं बघितलं आणि मी तो परत पर्समध्ये टाकला.

संध्याकाळी मागच्या दारी त्या बांगडे साफ करत होत्या. मी शेजारी पाट घेऊन बसले. म्हटलं, “आई, समुद्रावर जाऊया?”

“कशाला? मासळी दारात येते.”

“आल्यापासून एकदाही गेला नाहीत?”

त्यांनी पाण्याचं भांडं जवळ ओढलं. मग मी चिडले. मला आत काही ठेवता येत नाही, हा माझा स्वभावच. म्हटलं, “खोटं का सांगितलंत त्यांना? आणि ते राहू दे. मला तुमचा पासपोर्ट द्या. अर्ज तयार आहे. महिनाभर तर महिनाभर, चला माझ्याबरोबर.”

“नको.”

“भाऊजींना मी विचारते.”

“तो नाय म्हणणार नाय. तो चांगला आहे.” त्यांनी बांगड्याचं डोकं उडवलं, पोट साफ केलं, तो पाण्यातून काढून ताटात ठेवला. दुसरा घेतला. “यायला मला काय, आताच्या आता येईन. पण परत यायला लागेल ना गो? मागच्या टायमाला आले. घरातली निजली की रोज रात्री ह्या खिडकीत उभी राहून समुद्राचा आवाज ऐकायचे, आणि वाटायचं, ऊठ नि जा. आता कुठं ता थांबलंय. आता झोप लागते मला.”

आतून जाऊबाईंनी हाक मारली, मासळी झाली का म्हणून.

“आणते,” सासूबाई म्हणाल्या, आणि मग माझ्याकडं न बघता, हळू आवाजात, “तू मला परत नेऊ नको हां.”