बनुबाईचं नाक

विट्याजवळच्या एका दवाखान्यात आया असलेल्या बनुबाईला भिंतीवरचं घड्याळ वाचता येत नव्हतं, पण माणसाच्या तोंडाचा वास बरोबर कळायचा. बारा वर्षं दारुड्याशी संसार केला, त्यात एवढीच विद्या पदरात पडली. नवरा गेला, नाक राहिलं.

त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात तिच्या धाकट्या भावाला, मानसिंगला, चौघांनी उचलून दवाखान्यात आणलं. तो ओकत होता, बरळत होता. डॉक्टर गावच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष. आठवड्याला एक भाषण ठोकल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे. ते लांबूनच म्हणाले, "ढोसून आलाय. घरी नेऊन झोपवा."

बनुबाईनं भावाचं तोंड हुंगलं.

"आवं डागदर, वासच न्हाई. दारू न्हवं ही. आन् श्वास बघा, भात्यावानी चाललाय."

"बनुबाई, डॉक्टर कोण, तू का मी?"

ती मागं वळली. उचलून आणणाऱ्यांत सयाजी होता, फौजेतून पेन्शनीत आलेला ड्रायव्हर. तिनं त्याचीच गचांडी धरली. सयाजी चाचरत म्हणाला, "माज्या घरातली रमची बाटली प्याला ह्यो. पर आत रम न्हवती. लेहला ट्रकच्या रेडिएटरात घालतात, पानी गोठू न्हाई म्हणून, त्ये हाय. लय गोड लागतं."

विट्याच्या उन्हात पाणी गोठू नये म्हणून हा शहाणा लेहहून औषध घेऊन आला होता!

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी जाडजूड पुस्तक काढलं, पानं उलटली. "मूत्रपिंडं निकामी होतील. सांगलीला न्यायलाच हवा. पण तोवर उतारा म्हणून..." ते अडखळले. "दारूच पाजायची, मोजून. तिनं हे विष अडतं. आता चांगली दारू आणायची कुठून?"

बनुबाई उठली. डॉक्टरांच्या खोलीत गेली, कपाटातल्या समितीच्या फायली बाजूला सारल्या आणि मागची ब्रँडीची बाटली आणून टेबलावर ठेवली. बाटली अर्धीच होती.

सांगलीपर्यंत जीपमध्ये डॉक्टर घड्याळ बघून माप सांगत होते आणि नवऱ्याच्या बाटल्या फोडण्यात जन्म गेलेली ती बाई रडत रडत भावाच्या नाकातल्या नळीतून ब्रँडी सोडत होती.

मानसिंग वाचला. महिन्याभरानं गावानं डॉक्टरांचा सत्कार केला. विष ओळखलं कसं, असं सरपंचांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "अनुभव."

जाता जाता बनुबाईलाही एक नारळ मिळाला. डॉक्टरांच्या हातून तो घ्यायला ती वाकली आणि हळूच म्हणाली, "डागदर, आज भाषान नगा करू. वास येतोय."