बांडी कुणाच्या दारात

सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी दीपिका नर्मदाबाईच्या अंगणात रिकाम्या खुंट्यासमोर उकिडवी बसून तक्ता भरत होती. खुंट्याला दोरी नव्हती, आसपास लेंडी नव्हती, पाल्याचं एक काटुक नव्हतं. 'शेळी लाभार्थीच्या दारात आहे का?' या प्रश्नापुढं तिनं लिहिलं, नाही.

"काय लिवायलीस गं?" नर्मदाबाईनं उंबऱ्यावरून विचारलं.

"शेळी दारात न्हाई म्हणून, मावशी."

"आन् कुठं हाय ते तुला म्हाईत न्हाई? तुझ्याच बापाच्या कळपात चरायलीय. बापाच्या घरची चोरी धरायला आलीस व्हय गं, सायबीण?"

दोघी हसल्या. नर्मदाबाई मग उगाच आवाज उतरवून म्हणाली, "सांजच्याला आणून बांधते की. दिसली म्हण. तेवढ्यानं काय व्हतंय?"

"खोटं कशाला लिवायचं मावशी? हाय ते चांगलंच हाय."

दीपिकाला खरंच तसं वाटत होतं. तिनं शेरा लिहिला, ठळक आणि सुवाच्य अक्षरात : 'शेळी अर्धलीने भुजंग यांच्याकडे राखायला दिली आहे.'

भुजंग म्हणजे दीपिकाचा बाप. ताडकळसच्या शिवारात स्वतःच्या आणि लोकांच्या शेळ्या राखणारा. लोकांच्या शेळ्या तो अर्धलीनं राखतो. शेळी मालकाचीच राहते. तिला दोन पिल्लं झाली की एक मालकाचं, एक राखणाऱ्याचं. यात लिखापढी नसते आणि भांडणही सहसा होत नाही. ज्याच्या पायांत माळ तुडवायचं बळ नाही, त्याला शेळी पाळायचा दुसरा मार्ग गावात नाही.

नर्मदाबाईच्या पायांत ते नव्हतं. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, दोन्ही गुडघे गेलेले. मुलगा आणि सून पुढच्या खोलीत, ही मागच्या पत्र्याखाली. परभणीतल्या एका संस्थेनं विधवांना एकेक उस्मानाबादी शेळी दिली, त्यात तिला बांडी मिळाली. काळीभोर, कपाळावर आणि डाव्या कानावर पांढरा पट्टा. दुसऱ्याच दिवशी तिनं बांडी भुजंगच्या कळपात घातली. बांडीचं दूध सांजसकाळ तांब्याभर घरी यायचं, नातवंडं प्यायची, आणि सून दुपारची भाकरी गरम वाढायची. बांडी येण्याआधी ती सकाळचीच असायची.

दीपिका परभणीत मुलींच्या वसतिगृहात राहून बी. कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला शिकत होती. कॉलेजनं त्या वर्षी नियम केला होता की हिशेब शिकणाऱ्या प्रत्येकानं जवळच्या एखाद्या सेवाभावी संस्थेत एकशेवीस तास बिनपगारी काम करायचं. शेवटी संस्थेचं प्रमाणपत्र आणायचं, नाहीतर निकाल राखून ठेवणार. कुणी अंधशाळेत गेलं, कुणी वाचनालयात. दीपिकाला सरांनी शेळ्यांची संस्था दिली. "तुझं घरचंच काम आहे," ते म्हणाले. खोलीतल्या पोरींनी तिला महिनाभर पुरेल एवढं ऐकवलं. "बापानं शेळ्या सोडवल्या, कॉलेजनं परत धरायला लावल्या!"

पहिले काही दिवस तिनं पावत्या चिकटवल्या, व्हाउचरवर क्रमांक टाकले, बँकेचं पासबुक जुळवलं. मग प्रत्यक्ष तपासणी आली. सरांनी वर्गात शिकवलं होतं की कागदावरची मालमत्ता डोळ्यांनी बघायची, आणि दिसेल तेच लिहायचं. ताडकळसमध्ये तेरा शेळ्या होत्या. सात दारांत दिसल्या नाहीत. सातही भुजंगकडं होत्या. दीपिकानं सातही ठिकाणी खरं ते लिहिलं. नर्मदाबाईचं पान पहिलं होतं, म्हणून त्याचं अक्षर सगळ्यांत चांगलं आलं.

संस्थेचं काम आदिनाथ बघतो. वय पस्तीस, मूळचा बोरीचा. त्यानं तक्ते उभ्यानंच चाळले.

"अक्षर मस्त आहे तुझं," तो म्हणाला. "पण हे काय करून ठेवलंस?"

"काय झालं सर?"

"नियम काय आहे? लाभार्थीनं शेळी स्वतः सांभाळायची. दुसऱ्याकडं दिली म्हणजे हस्तांतरण. हस्तांतरण म्हणजे शेळी परत."

"सर, अर्धलीनं दिलीय. विकली थोडीच? तुमच्या बोरीत नाही का तसं?"

"माझ्या आजीच्या चारही शेळ्या अर्धलीनंच होत्या."

"मग तुम्ही सांगा ना वर."

"काय सांगू? त्यांच्या तक्त्यात अर्धलीला रकाना नाही. हस्तांतरणाला आहे."

पैसे देणाऱ्या कंपनीची माणसं आठवड्यानं यायची होती. आदिनाथनं सहा जणींच्या घरी फोन लावले. गुरुवारी शेळी दारात बांधा, फोटो काढून पाठवा. सहा फोटो आले. सहा तक्ते त्यानं दीपिकाकडून नव्यानं भरून घेतले. फोटोत शेळी दारात होती; तिनं दिसलं तेच लिहिलं.

नर्मदाबाईला फोन केला नाही. तिचं पान त्यानं सकाळीच, नीट न वाचता, नुसतं अक्षर बघून कंपनीला पाठवलं होतं, तपासणी किती बारकाईनं होते याचा नमुना म्हणून.

"ते परत मागवा ना, सर," दीपिका म्हणाली.

"आता कसं मागवू? आणि एका ठिकाणी कारवाई दिसली की बाकीच्यांवर विश्वास बसतो. सहा वाचल्या तुझ्या. एक जाऊ दे."

"मावशीला दुसरं काही नाही सर."

"यादीत सगळ्याच तशा आहेत," आदिनाथ म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

सोमवारी संस्थेचं पिकअप ताडकळसला गेलं. दीपिकाला बरोबर नेलं, कारण बांडीचा कानातला पिवळा बिल्ला बाभळीच्या काट्यात अडकून कधीच तुटला होता. त्या कळपात पन्नासावर काळ्या शेळ्या, आणि पांढऱ्या पट्ट्याच्याही चारपाच. "तू नसलीस तर कुठलीही गळ्यात मारतील," आदिनाथ म्हणाला. मग त्यानं तिचे किती तास भरायचे राहिलेत, तेही विचारलं.

भुजंगनं कळप अजून सोडला नव्हता. पोरीला पिकअपमधून उतरताना बघून तो काठीवर हनुवटी टेकून उभा राहिला.

"दादा, बांडी न्यायची हाय," दीपिका म्हणाली.

"ने की. वळख. तुलाच लय वळखता यायलंय आता."

नर्मदाबाई काठी टेकत तिथवर आली होती. दीपिका कळपात शिरली. दुसरीच एखादी पट्टेवाली भाकड शेळी दाखवता आली असती. आदिनाथला काही कळलं नसतं, आणि भुजंग बोलला नसता. तिनं बांडीच्या मानेत हात घातला.

"बराबर धरलीस," नर्मदाबाई म्हणाली. "तुलाच कळणार. दिवाळीच्या सुट्टीत तिचं बाळंतपण तूच केलंस की."

"मावशी, मी चांगलंच लिवलं व्हतं."

"म्या म्हणले, सांजच्याला बांधते. म्हणले का न्हाई? तुला शिकल्यालं दावायचं व्हतं."

नियमात 'शेळी व तिची पिल्लं' असं होतं, म्हणून दोन्ही पिल्लं गाडीत चढवली. त्यातलं एक भुजंगच्या वाट्याचं होतं. त्यानं ते आदिनाथला सांगितलं. आदिनाथनं मान हलवली आणि फळी लावली.

दुपारी तीच गाडी गावाच्या दुसऱ्या टोकाला सविताच्या दारात थांबली. सविता तिशीतली विधवा, यादीत पुढचा नंबर तिचा. नवा बिल्ला टोचला, फोटो काढला. कंपनीची माणसं आली, सविताला भेटली, चहा घेऊन गेली.

सविता रोज दुसऱ्याच्या शेतात कामाला जाते. बांडी दिवसभर खुंट्याला बांधलेली ओरडायची. शेजाऱ्यांनी चार दिवस ऐकून घेतलं, मग बोलायला लागले. पंधराव्या दिवशी दिवेलागणीला सविता बांडी आणि पिल्लं घेऊन भुजंगच्या शेळ्यांच्या वाड्यावर आली.

"राखता का मामा, अर्धलीनं?"

"सोड आत," भुजंग म्हणाला.

त्याचं पिल्लू त्याच्याच कळपात परत आलं. आता ते सविताचं आहे. त्याचा वाटा बांडीच्या पुढच्या वेतापासून.

नर्मदाबाईचं नाव लाभार्थींच्या यादीतून कायमचं गेलं. दुपारची भाकरी पुन्हा सकाळची येते. बांडीचा तांब्या आता तिच्या दारावरून सविताकडं जातो, कारण वाड्यावरून तिकडं जायला दुसरी गल्ली नाही.

दीपिकाला प्रमाणपत्र मिळालं. त्यावर 'उत्कृष्ट' असा शेरा आहे. परीक्षेनंतर संस्थेनं तिला अर्धवेळ कामावर ठेवून घेतलं. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी ती ताडकळसच्या बायकांना आवाजी निरोप पाठवते, "उद्या येणार आहे." तिला कुणी हे करायला सांगितलेलं नाही, आणि करू नको असंही नाही. गावात ती नर्मदाबाईची गल्ली टाळते. त्या पत्र्याखाली तपासण्यासारखं काही उरलेलं नाही, त्यामुळं तिला तिकडं जायचं कामही पडत नाही.

आज संध्याकाळी निरोप गेला आहे. उद्या सकाळी सातच्या आत भुजंग सात शेळ्या सात दारांत बांधील. आठ चाळीसला दीपिका सविताच्या अंगणात बांडीचा बिल्ला वाचील आणि 'शेळी दारात आहे का?' यापुढं 'आहे' लिहील. साडेनऊला भुजंग सातही शेळ्या सोडून कळपात घालील आणि माळाकडं निघेल.