नागोठण्याच्या अलीकडे उतरलो तेव्हा

एस.टी.त तिकीट तपासनीस म्हणून माझी एकवीस वर्षं गेली. पेण-रोहा, पेण-अलिबाग या गाड्यांत चढलो, चेहऱ्यांवरून एकदा नजर फिरवली, की कोण उगाच खिडकीबाहेर बघतोय हे मला कळायचं. ती सवय नोकरीपुरती राहिली नाही. नातेवाइकांत शिरली, घरात शिरली, देवघरातही शिरली. रोह्याचे धावीर महाराज हे माझ्या बायकोच्या, मंगलच्या, माहेरचं दैवत. तिच्याबरोबर मी हात जोडायचो, पण मनापासून कधी काही मागितलं नव्हतं.

ही गोष्ट पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची. शौचावाटे रक्त जायचं. मूळव्याध समजून मी चार महिने सुरणाची भाजी आणि कसल्याकसल्या पुड्या खात राहिलो. शेवटी पेणच्या डॉक्टरांनी बोटानं तपासलं. मुंबईला पाठवलं. तिथे निदान झालं ते गुदाशयाच्या कॅन्सरचं.

कॅन्सर म्हटल्यावर कापून टाकतील, सुटेन किंवा मरेन, एवढी माझी तयारी होती. पण तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लगेच ऑपरेशन नाही करायचं. आधी पाच आठवडे रेडिएशनचा शेक द्यायचा, सोबत सलाईनमधून औषध. मग दीड महिना थांबायचं आणि मग ऑपरेशन." मी विचारलं, "गाठ आत वाढत असताना थांबायचं कशाला?" त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. गाठ माकडहाडाला टेकलेली होती. आधी ती आकसली तर कडेनं स्वच्छ निघेल, म्हणाल्या. मला त्यांच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या हातातला सही करायचा कागद जास्त दिसत होता. पेणला परतलो तर चुलतभाऊ म्हणाला, "आमच्या ऐकण्यात तर आधी कापतात आणि मग लाईट देतात. तुझ्यावर काहीतरी नवीन प्रयोग करून बघतायत." तो शब्द माझ्या डोक्यात बसला.

आठवडाभर मुंबईत मेव्हण्याच्या खोलीवर राहायचं, शनिवार-रविवार पेणला यायचं, असं सुरू झालं. कमरेवर जांभळ्या शाईच्या खुणा केल्या होत्या, त्या पुसायच्या नाहीत म्हणून सांगितलेलं. मशीनखाली पालथं पडायचं, सगळे खोलीबाहेर जाऊन दार लावून घ्यायचे. त्यात धोका नाही, तर हे बाहेर का पळतात, असं मला वाटायचं. माझ्या फायलीवर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती, शेजारच्यांच्या फायलींवर ती नव्हती. मी रोज रांगेत बसून चिठ्ठ्या मोजायचो. पिवळीवाल्यांना लवकर आत घेत. ज्यांच्यावर प्रयोग चालला आहे ती ही माणसं, असा मी हिशेब लावला. विचारलं मात्र कुणालाच नाही, कारण खरं कोण सांगणार?

तिसऱ्या आठवड्यात खालची कातडी सोलवटली. जुलाब सुरू झाले, दिवसाला दहा-बारा वेळा. बसता येईना. त्या शनिवारी मी ठरवलं, पुरे झालं. रोह्याच्या पुढे एक वैदू होता. तो लेप लावून गाठ विरघळवतो, मात्र मुंबईचं औषध बंद केलेलं असलं पाहिजे, असं चुलतभावानं कळवलं होतं. मंगलला सांगितलं, सासुरवाडीला जाऊन येतो. तिनं माझ्याकडे बघितलं, पण काही विचारलं नाही. त्याचाही मला संशय आला.

रोह्याच्या गाडीत कंडक्टर ओळखीचा होता. दोन वर्षांपूर्वी मीच त्याच्यावर रिपोर्ट केलेला. त्यानं आदबीनं पुढची जागा दिली. नागोठणं अजून यायचं होतं आणि पोटात कळ आली. मी सीटची कड घट्ट धरली. गाडी थांबवा म्हणायचं तोंड होईना. ज्या माणसाला अख्खा डेपो वचकून असतो, त्यानं या कंडक्टरला काय सांगायचं? घाम फुटला. आता पाच मिनिटंही धीर निघणार नाही, हे कळून चुकलं. तेव्हा डोळे मिटले आणि मनात म्हणालो, धावीर महाराजा, माझ्याच्यानं आता होत नाही, तू बघ.

मागच्या सीटवरून आवाज आला, "ए मास्तर, गाडी थांबव रं. मना उलटी येतंय."

गाडी थांबली. साठीची एक बाई, हातात कापडी पिशवी, खाली उतरली. तिच्या मागोमाग मीही उतरलो. कंडक्टर म्हणाला, "साहेब, तुम्ही?" मी म्हटलं, "तू जा, मी मागून येतो." रस्त्याला लागून एक घर होतं, परसात संडास होता. घरातल्या माणसानं माझा चेहरा बघूनच टमरेल हातात दिलं.

बाहेर आलो तेव्हा गाडी निघून गेली होती आणि ती बाईही मागे राहून त्या घराच्या ओट्यावर पाणी पीत बसली होती. रस्त्याकडेला उलटीची कुठे खूण नव्हती, हे मी बघून ठेवलं. मी कसाबसा एका बाजूवर भार देऊन टेकलो. ती म्हणाली, "दादा, तुला खाली गाठ हाय काय?"

मी विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगल कोण? माजा घरवाला असाच बसायचा. मिठागरावं कामाला व्हता." मग तिनंच सांगितलं. त्याचं कुठेतरी लगेच ऑपरेशन केलं होतं. "पोट उघडला त गाठ आत चिकटलेली. समदी निगाली नाय. दीड वरीस काडला त्यानं. तुजा काय केला?"

मी सगळं सांगितलं. शेक, औषध, चिठ्ठी, कागद, वैदूसुद्धा. परक्या बाईला का सांगितलं, मला माहीत नाही. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "पयलं येवडा शेकतात म्हंजे तुजी समदी निगंल असं त्यांना वाटतंय. नायतर कोण कशाला येवडी मेहनत घेतंय?"

मी विचारलं, "मावशी, खरं सांगा, तुम्हाला मंगलनं पाठवलं ना?"

"कोन मंगल? मी लेकीकडं चाललंय रोह्याला, तिचं दिवस भरलंत." तिनं आपलं आणि आपल्या गावाचं नाव सांगितलं, खाडीकडचं. रोह्याची पुढची गाडी आली, ती चढून गेली. मी रस्ता ओलांडून पेणची गाडी धरली.

सोमवारी मुंबईला गेल्यावर पहिल्यांदा त्या डॉक्टरीणबाईंना तोंडावर विचारलं, "ही पिवळी चिठ्ठी कसली?" त्या म्हणाल्या, "बाहेरगावच्या पेशंटची. तुम्हा लोकांना प्रवास असतो, बसवत नाही. म्हणून लवकर आत घेतो." मी तीन आठवडे जिच्यावर डूख धरून बसलो होतो, ती माझ्या सोयीसाठी केलेली गोष्ट निघाली. मला त्यांच्याकडे वर बघवेना. त्या दिवशी मशीनखाली पालथा पडलो आणि दार बंद झालं, तेव्हा पहिल्यांदा अंग सैल सोडलं.

शेक पूर्ण झाला. दीड महिन्यानं ऑपरेशन झालं. गाठ निम्म्याहून लहान झाली होती, कडेनं स्वच्छ निघाली. शौचाची जागा मात्र वाचली नाही. पोटावर पिशवी आली, ती आजही आहे. सुरुवातीला तिच्याकडे बघून मी रडलो, हे लपवत नाही.

तरी माझा स्वभाव मला गप्प बसू देईना. मंगलला मी आडून आडून चारदा विचारलं. चौथ्यांदा ती म्हणाली, "तुम्ही सासुरवाडीला निघालात एवढंच मला माहीत होतं. कुठली बाई पाठवू?" मग मी मनाशी असं जुळवलं की, त्या बाईनं गाडीतच माझा त्रास ओळखला असणार, आणि माझी लाज राखायला उलटीचं खोटं सांगितलं असणार. त्याचे आभार मानायला सहा-सात महिन्यांनी तिच्या गावी गेलो. ती अंगणात सुकट निवडत होती. मला बघून म्हणाली, "जगलास व्हय. बरा झाला."

मी म्हटलं, "मावशी, त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात."

तिला काही कळेना. "खोटं कनचं? मना खरंच मळमळलेला. खाली उतरलो आन थांबला. तुला त मी ओट्यावं बसल्यावं बघितला."

मी तिथेच बसून राहिलो. माझ्या तपासाला पुढे जागाच उरली नव्हती. कुणी कुणाला पाठवलं नव्हतं. तिनंही माझ्यासाठी काही केलं नव्हतं. तिला मळमळलं, गाडी थांबली, मी उतरलो. तिनं पुढ्यात चहा ठेवला, लेकीला मुलगी झाली म्हणून सांगितलं, आणि पुन्हा निवडायला बसली.

लोकांना मी याला चमत्कार म्हणा असं सांगत नाही. औषध डॉक्टरांनी दिलं, गाठ त्यांनी काढली. पण त्या दिवशी वैदूकडे पोचलो असतो तर हे लिहायला नसतो, एवढं मला ठाऊक आहे. संध्याकाळी मंगल दिवा लावते, तेव्हा मी शेजारी जाऊन उभा राहतो. त्या मावशीचं नाव मनात घेतो, त्या डॉक्टरीणबाईंचं घेतो, आणि ज्याचं काम मला समजलं नाही, त्याच्यापुढे डोकं टेकवतो.