एकाच बरणीतला मध

पौषातल्या एका सकाळी फडताळातली मधाची बरणी काढली, तर मध हलेना. बरणी आडवी केली, उलटी केली; मध जागच्या जागी. पिवळट, रवाळ, थिजलेल्या तुपासारखा दिसत होता. मी बरणी खिडकीशी नेली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत उभा राहिलो. ती अर्धी भरलेली होती. माझ्या पत्नीने घरात आणलेल्या खाण्याच्या वस्तूंपैकी तेवढीच आता उरली होती.

ती श्रावणात गेली. तिने भरून ठेवलेले तिखट, सांडगे, डाळी सगळे एकेक करून संपले. ते संपताना मला कळलेही नाही, कारण त्या दिवसांत येणारी-जाणारी माणसेच स्वयंपाकघर सांभाळत होती. मधाला मात्र कुणी हात लावायच्या आत मी बरणी उचलून माझ्या पुस्तकांच्या फडताळात ठेवली होती. खायचा नाही असे काही ठरवले नव्हते. फक्त खात नव्हतो.

त्या सकाळी समोरच्या घरातल्या वहिनी भाजीची वाटी द्यायला आल्या. माझ्या हातातली बरणी बघून म्हणाल्या, "साखरेचा पाक दिसतो, भाऊजी. असली मध कधी गोठत नाही. फसवलं कुणीतरी."

त्या सहज बोलल्या. पण मला ते लागले. फसवले म्हणजे कुणाला? तिला? आणि पाक नसेल तर मग मध बिघडला असेल. जपून ठेवलेली एकच वस्तू, तीही माझ्या हातात खराब झाली, या विचाराने दिवसभर कशात मन लागले नाही. दुसऱ्या दिवशी मी मध जिथून आला होता तिथे जायला निघालो.

तो मध बोरीचा. डोंगरकडा गावाच्या अलीकडे एका कुटुंबाची बोरांची बाग आहे. खाली सगळीकडे केळी आहे, पण यांचे रान चढावर, मुरमाड. तिथे केळी काय येणार? म्हणून त्यांनी बोरी लावल्या. माझी पत्नी त्या गावच्या शाळेत शिक्षिका होती आणि त्या घरचा मुलगा तिच्या वर्गात होता. आता बाग तोच बघतो. फुलोऱ्यात फळ चांगले धरावे म्हणून त्याने बागेत मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या. बोरांबरोबर मधही मिळू लागला, आणि घरी खाऊन उरलेला ते ओळखीच्यांना विकू लागले. बोरीचे फूल बारीक, पोपटी असते, डोळ्यांत भरत नाही. वास मात्र उग्र. त्या उग्रपणाची एक छटा मधातही उतरते. पहिल्या चाटणाला तोंड जरा वाकडे होते आणि मग दुसरे चाटण घ्यावेसे वाटते.

पहिल्या वर्षी त्या मुलाच्या आईने, तिला सगळे आक्का म्हणतात, घरातल्या एका काचेच्या बरणीत आम्हांला मध दिला. दुसऱ्याचे भांडे आपण रिकामे परत करत नाही. मध संपल्यावर पत्नीने ती बरणी धुतली, उन्हात वाळवली आणि कारळाची चटणी भरून आक्कांना नेऊन दिली. पुढच्या कार्तिकात आक्कांनी त्याच बरणीत मध भरला. मग ते तसेच चालू राहिले. चटणी तिकडे जायची, मध इकडे यायचा. दोन्ही घरांत दुसऱ्या बरण्या नव्हत्या असे नाही. झाकणावरचा हिरवा रंग उडून पत्रा दिसू लागला तरी बरणी बदलायचे कुणाच्या मनात आले नाही. मी बरोबर जायचो आणि बांधावरच्या लिंबाखाली पुस्तक उघडून बसायचो. त्या दोघींच्या गप्पांचा आवाज यायचा, कधी हसण्याचा. शब्द कळायचे नाहीत, आणि कळावेत असे मला तेव्हा वाटलेही नाही.

या कार्तिकात त्या मुलाचा फोन आला होता. "सर, मध काढलाय. बरणी घेऊन या." मी येतो म्हणालो आणि गेलो नाही. बरणी रिकामी नव्हती.

आता निघताना मी ती पत्नीच्या तपकिरी स्वेटरमध्ये गुंडाळली आणि पिशवीत घालून मांडीवर घेतली. हिंगोलीहून कळमनुरीपर्यंत एसटी, पुढे जीप. जीपमध्ये शेजारी बसलेल्या माणसाने पिशवीला धरलेले माझे दोन्ही हात पाहिले आणि अंग चोरून घेतले.

"गुरुजी, अंडे हायेत का? सरकून बसतो मी."

"नाही, अंडी नाहीत."

"मंग काचसामान?"

"काही नाही," मी म्हणालो, आणि बाहेर बघत राहिलो.

बागेत बोरांची तोडणी चालू होती. झाडांखाली जुन्या साड्या अंथरलेल्या, त्यांवर बोरांचा सडा. आक्का घरापुढच्या सावलीत बसून बोरे निवडत होत्या. किडकी एकीकडे, चांगली कॅरेटमध्ये. त्यांनी मान वर केली.

"या सर. वाट चुकले का?"

"वाट माहीत आहे, आक्का."

"मंग इतके दिस काहून लावले? पोरगं फोन करून थकलं."

मी स्वेटर उलगडून बरणी पुढे केली. "हा खराब झाला का, तेवढं विचारायचं होतं."

आक्कांनी बरणी उन्हाकडे धरली. मग झाडांकडे बघून हाक मारली, "ए, इकडं ये रे. सर काय म्हणून राहिले बघ."

मुलगा आला. मुलगा म्हणायचे, पण कानाजवळचे केस पांढरे झालेला बाप्या. पत्नी गेली तेव्हा तो दुसऱ्याच दिवशी घरी आला होता. ओट्यावर बराच वेळ बसला, चहा नको म्हणाला, आणि उठताना माझ्या पाया पडून गेला. त्याने बरणी बघितली आणि हसू दाबले.

"थंडीनं बसलाय सर. मध असाच बसतो. उन्हात ठेवला की मोकळा हुईल, न्हाईतर कोमट पाण्यात ठेवा. गॅसवर तेवढा नका ठेवू."

"म्हणजे बिघडला नाही?"

"काय बिघडतो?" आक्का म्हणाल्या. "बाईला तर असाच आवडायचा. म्हणायच्या, आक्का, पोळीला लावायला हा बराबर, कोपरापर्यंत वघळत न्हाई."

हे मला माहीत नव्हते. माझ्या ताटात मध नेहमी मोकळाच यायचा. इतकी वर्षे एका ताटाशेजारी बसून जेवलो, तिला रवाळ मध आवडत होता हे मला बोरीच्या बागेत कळत होते. पत्नी गेल्यानंतर तिच्याबद्दल नवे काही ऐकायला मिळेल असे मला वाटले नव्हते. मला एकदम श्रीमंत झाल्यासारखे वाटले.

तेवढ्यात आक्कांनी झाकण फिरवले, करंगळीने मधाचा गोळा उचलला आणि तोंडात घातला.

माझा हात आपोआप बरणीकडे गेला. आक्कांनी ते पाहिले. त्यांनी बरणी मला न देता मुलापुढे धरली. तो माझ्याकडे बघून थांबला.

"घे रे," आक्का म्हणाल्या. "सर, तुमी बी घ्या."

"नको, आक्का. तेवढाच उरलाय."

"ते दिसून राहिलं."

"तो संपला म्हणजे..."

आक्का उठल्या, पदराला हात पुसले आणि मला आत घेऊन गेल्या. फळीवर एक स्टीलचा डबा होता, झाकणावर फडके बांधलेले. "हा बाईचा मध. कार्तिकात काढून ठेवलाय. कोणाला इकला न्हाई."

मी फडक्याच्या गाठीला हात लावला. म्हणालो, "मग मी बाजारातून दुसरी बरणी आणतो. तिच्यात द्या."

"दुसरी कशाला? हा त्याच बरणीत जायचा."

"पण ती रिकामी नाही ना."

"मंग करा की रिकामी. मध काय बँकेत ठेवायला दिला व्हता का?"

"माय, सरांना असं काय बोलती?" मुलगा दारातून म्हणाला.

"काय चूक बोलले? इतक्या माशा राबल्या त्या काय कपाटात ठेवायला? ह्या साली दुखणं आलं, न्हाईतर बाईची बरणी होळीच्या पुढं कधी गेली न्हाई. चटणी घेऊन यायच्या अन् म्हणायच्या, आता कार्तिकापर्यंत मी काय खाऊ, आक्का?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "तुमी न्हाई आले तर हा डबा आमी तरी कसा उघडावा, सर?"

परतीच्या वाटेवर बरणी पुन्हा मांडीवर होती. तोवर माझा समज असा होता की मी एक गोष्ट राखून ठेवतो आहे. आता दिसले की ती राखायची तर दुसरी थांबते. हा मध फडताळात राहील तोवर तिकडचा डबा फडके बांधलेला राहील, आणि ज्या बरणीला तिने इतकी वर्षे इकडून तिकडे नेले ती माझ्यापाशी येऊन थांबेल. आणि मध खाल्ला, तर तिने आणलेले असे काहीच घरात उरणार नाही. हिंगोली येईपर्यंत माझे काही ठरले नाही. घरी आल्यावर बरणी फडताळात ठेवायला गेलो, आणि मग ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवली. तेवढेच त्या दिवशी जमले.

सकाळी पोळीवर मध घेतला. उन्हात ठेवला नाही, तसाच रवाळ राहू दिला. पोळी गुंडाळली. खाताना वाईट वाटेल अशी तयारी ठेवून बसलो होतो. वाटले काय, तर भूक लागली. दुसरी पोळी घेतली. श्रावणानंतर दुसरी पोळी खाल्ल्याचे मला आठवत नव्हते. मध खरेच वघळत नव्हता. तिचे बरोबर होते.

मग रोज खाऊ लागलो. कधी भाकरीशी, कधी नुसता. समोरच्या वहिनींनाही वाटीत दिला. त्यांनी आधी बोटाच्या टोकावर घेतला, मग वाटी पुसून खाल्ली आणि पाकाविषयी पुन्हा काही बोलल्या नाहीत. काही सकाळी हात आखडायचा, चमचा अर्धाच भरायचा. मग आक्कांचा आवाज ऐकू यायचा आणि चमचा भरायचा. शेवटी काचेला चिकटलेले राहिले. त्यात कोमट पाणी घालून खळबळले आणि प्यालो. बुद्धमूर्तीपुढे तिचा फोटो आहे. पेला हातात घेऊन तिथे थोडा वेळ बसलो. नंतर बरणी धुतली आणि उन्हात ठेवली. ती इतकी स्वच्छ, इतकी मोकळी दिसत होती की बघवेना. पण ती रिकामी न्यायची नव्हती, त्यामुळे बघत बसायला वेळ नव्हता.

कारळाची चटणी मी आयुष्यभर खाल्ली, केली कधी नव्हती. पहिला घाणा करपला. कढईतून कारळ तडतडून बाहेर उडत होते आणि मी आच कमी करायची सोडून उडालेले दाणे वेचत होतो. दुसऱ्या वेळी जमली असे वाटले. लाल मिरची, लसूण, मीठ घालून कुटली. चव तिच्या चटणीची नव्हती. कशाने नव्हती ते कळत नव्हते. तशीच भरली.

फाल्गुनात गेलो. आदल्या दिवशी फोन केला होता. झाडांवर बोरे उरली नव्हती. आक्कांनी बरणी घेतली, झाकण काढून वास घेतला.

"कोणी केली?"

"मी."

"ते दिसूनच राहिलं." त्यांनी भाकरीवर चिमूट घेतली आणि बराच वेळ चावत राहिल्या. मुलगा आणि मी वाट बघत होतो.

"करपली जराशी. अन् लसूण कच्चाच टाकला व्हय?"

"हो."

"बाई लसणाला तव्यावर चटका द्यायच्या. मंग कुटायच्या."

"पुढच्या वेळी देईन."

"व्हय, पुढच्या टायमाला द्या." असे म्हणून त्यांनी आणखी भाकरी मोडून घेतली. मुलानेही घेतली. करपलेली चटणी दोघांनी अर्ध्या भाकरीला पुरवली आणि उरलेली वाटीत काढून वर ताट झाकून ठेवली. मग आक्कांनी बरणी धुतली, चुलीशेजारी कोरडी केली. मुलाने फडके सोडले. डबा त्याने सकाळपासून उन्हात ठेवला होता, त्यामुळे मध मोकळा झाला होता. तो बरणीत उतरताना आम्ही तिघेही धारेकडे बघत होतो. झाकण लावून आक्कांनी बरणी पदराने पुसली आणि माझ्या हातात दिली. मी आभार मानायला तोंड उघडले.

"बस हुकल," त्या म्हणाल्या. "निघा. कार्तिकाच्या आधी आणली तरी चालती बरं का बरणी."

जीप भरलेली होती. मांडीवरच्या पिशवीतून झाकण बाहेर डोकावत होते; या वेळी स्वेटर आणायचा राहिला होता. शेजारच्या म्हाताऱ्याने वाकून पाहिले.

"काय हाय, गुरुजी?"

"मध. बोरीचा."

"असली हाय का? आजकाल समदा पाकच."

मी झाकण काढले आणि बरणी त्याच्यापुढे धरली. "बघा घेऊन."

त्याने धोतराला बोट पुसले, मधात बुडवले आणि चाटले. तोंड जरा वाकडे केले.

"उग्र हाय," तो म्हणाला, आणि दुसऱ्यांदा बोट पुढे केले.