टाळ, लाटणं आणि डीटरचा अकॉर्डियन

घरात अल्बम करायला घेतला की गाण्यांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. गाणं बिघडलं तर पुन्हा घेता येतं. किस्सा एकदाच होतो, आणि आमच्याकडे तो बहुधा माझ्यामुळेच होतो!

जर्मनीत कायझर्सलाउटर्नला मुलाकडे, नीरजकडे, आम्ही राहतो. स्वतःच्या आईच्या ओव्या बास गिटारवर बसवायचं त्याच्या मनात आलं. शेजारचा डीटर अकॉर्डियन घेऊन आला. मला टाळ मिळाले. मी जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. कंपनांवर तासभर बोलेन. पण वाजवायचं म्हणजे वेगळंच प्रकरण!

पहिल्याच दिवशी डीटरने अदबीने विचारलं, "प्रोफेसरसाहेब, ही भारतीय लय वेगळी असते का?"

"नाही," नीरज म्हणाला, "ही फक्त बाबांची आहे."

*

रविवारी इथे शांतता पाळतात. मला धास्ती. लाडवांचा डबा घेऊन मी वरच्या मजल्यावरच्या आजीबाईंकडे गेलो आणि आवाजाबद्दल आधीच माफी मागितली.

"कसला आवाज?" त्यांनी विचारलं.

मी सविस्तर सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांची तक्रार आली!

"बाबा," नीरज डोकं धरून म्हणाला, "परवापर्यंत त्यांना काही ऐकू येत नव्हतं हो!"

*

सुमतीची, म्हणजे आमच्या हिची, वेगळीच तऱ्हा. माइकसमोर उभी केली की ओवी आठवेना. "हात रिकामे असले की मला सुचत नाही," म्हणाली आणि सरळ पोळ्या लाटायला गेली. तिथे मात्र एकामागून एक ओव्या! शेवटी माइकच स्वयंपाकघरात नेला.

लाटण्याचा ठेका ऐकून डीटर हरखला. "गेनाऊ! अगदी बरोबर! हाच ठेका ठेवा!"

म्हणजे लाटणं अल्बममध्ये पक्कं. टाळांचं काय, ते मी विचारलं नाही.

*

नात इरा मराठी समजते, उत्तर जर्मनमध्ये देते. टाळ कधी वाजवायचा ते मान हलवून सांगायचं काम तिला दिलं. ती मान हलवी, मी विचार करी, मग वाजवी.

"तर मग, आजोबा," ती तिच्या जर्मनमध्ये म्हणाली, "मी उद्याची मान आजच हलवू का?"

*

मग नीरज एकदा चहा घेऊन माझ्याशेजारी बसला. त्याने स्वतःहून चहा आणला, तेव्हाच मी ओळखलं.

"बाबा, कुणीतरी नुसतं ऐकायलाही हवं ना?"

"हो हो, बरोबर आहे. तुला वाईट नाही ना वाटलं?"

"अहो बाबा, ते मी विचारायचं!"

मी हसलो. पण सगळं घर अल्बममध्ये, शेजारी अल्बममध्ये, लाटणंसुद्धा अल्बममध्ये, आणि मी कुठेच नाही, हे काही मनातून जाईना.

*

शेवटच्या ओव्यांत सुमतीने, तिची आई गुंफायची तशी, माणसांची नावं गुंफली.

"दूरदेशी माझं घर, दारी बर्फाचा गं थर,
शेजारी डीटर, भाऊ माझा"

अर्थ कळल्यावर डीटर लाजून लालेलाल! मग ओवीत नीरज आला, सूनबाई आली, इरा आली. मी दारात उभा. आपला श्वास तर रेकॉर्ड होत नाही ना, ही काळजी होतीच.

पुढची ओवी सुरू झाली. चाल पुढे गेली, पण नावाच्या जागी शब्दच आला नाही. सुमती तेवढी जागा नुसती गुणगुणली.

नीरजने हेडफोन काढला. "आई, इथे नाव राहिलं. परत घेऊ या?"

सुमतीने तव्यावरची पोळी उलटली.

"राहिलं नाही. तिथे हे आहेत!"